चवथीनंतरची बस

चवथीची दुसरी रात्र. वॉर्डात चौतीस खाटा,
आम्ही दोघी. तिसरी सुनेत्रा परब,
तिचं पोर तापानं फणफणलेलं,
म्हणून मीच तिला म्हटलं होतं, तू जा.
(हे मी फॉर्मवर लिहिलं नाही.)

नऊ नंबरचे म्हातारे दम्याचे.
मधूनच मास्क बाजूला करून विचारायचे,
आरती झाली का?
त्यांची शीर सापडेना.
म्हाताऱ्या शिरा पळतात,
शेतातल्या कुर्ल्या बिळात शिरतात तशा.
बावीस मिनिटं गेली.

बावीस मिनिटं फार झाली, असं त्यांच्या मुलाचं मत पडलं.
बोटांना फटाक्यांच्या दारूचा वास होता.
मला आधी वास आला,
मग हात.

ओरडले नाही मी. जे वाजलं
तो ट्रॉलीवरून पडलेला किडनी ट्रे,
फरशीवर फिरत राहिला, फिरत राहिला,
चौतीस खाटा उठून बसेपर्यंत.
सोळा नंबरच्या बाईनं आपल्या पोराचे डोळे झाकले.
गेटावरचा सिक्युरिटी शेजारच्या वाड्यावर
फुगडी बघायला गेला होता.
माझ्या छातीवरचं घड्याळ निखळून खाटेखाली गेलं,
आत्येनं दिलेलं, शेवटच्या वर्षाला.
काच गेली. काटे चालूच.

मग तू काय केलंस, असं सगळे विचारतात.
मी सलाईन लावलं.
ट्रे उचलला, हात धुतले, नवी सुई फोडली.
म्हातारे हात पुढे करून तसेच बसले होते,
तोंड भिंतीकडे.
या वेळी शीर पहिल्याच टोचणीत मिळाली.
गाल पेटलेला असताना बोटं अशी थंड कशी राहतात,
हे नर्सिंग कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

पहाटे ऑक्सिजन उतरत गेला, बांबोळीला पाठवलं.
ॲम्ब्युलन्समध्ये चढताना मुलानं मान वर केली नाही.
मी त्याच्या हातात कागद दिले,
क्रमानं लावून, पिन मारून.

दुखापतीचे स्वरूप: किरकोळ.
हा शब्द मेट्रन मॅडमनी सुचवला.
सणाचे दिवस, म्हणाल्या,
आणि घरी तुझं बघतायत ना सध्या?
घरी सांगितलं, दाढ सुजलीय.
आईनं लवंग दिली.
तीन दिवस मी
नसलेल्या दुखण्यावर लवंग धरून होते.

परवा रात्रपाळी संपवून
डिचोलीहून म्हापशाची बस पकडली.
साधा पंजाबी ड्रेस, हातात पिशवी, पिशवीत युनिफॉर्म.
गर्दीत कुणीतरी उठून जागा दिली:
"बस गो बाय."

तासलेलं डोकं. वर नुकतेच फुटलेले खुंट.
नऊ नंबरचं पुढे काय झालं
ते मला असं कळलं.

त्यानं ओळखलं नाही.
युनिफॉर्म काढला की आम्हाला तोंड नसतं,
घातला की तर नसतंच.
मला नको म्हणायचं होतं,
पण पाय रात्रभराचे होते, ते बसले.

वरच्या दांड्याला धरलेला त्याचा हात
ऐन माझ्या डोळ्यांसमोर. तोच, उजवा.
मनगटापासून कोपराकडे गेलेली शीर
जाड, सरळ, वळण नसलेली,
अंधारातसुद्धा सापडेल अशी.
वडिलांवर गेलेली नाही, एवढंच मनात आलं,
आणि मग त्या मनाचीच मला चीड आली.

काही बोलायचं असतं तर वेळ होता.
मुळगाव गेलं. पाठीमागे कुणाच्या तरी पिशवीतले पाव
गरम वास मारत होते.
अस्नोड्याला तो उतरला,
उतरताना वाटेतल्या म्हातारीची टोपली
खाली घेऊन दिली त्यानं.

त्याच्या जागेवरून उठावं की बसून राहावं
हे म्हापसा आलं तरी
माझं ठरत नव्हतं.