आठवड्याला दीड दाणा

हुपरीत चांदी मुकी नसते.
पैंजणाची कडी कडीत अडकवताना
चिमटीला ती सांगते,
बसली, नाही बसली.
सतरा वर्षं मी ते ऐकत आले.

मग काट्याच्या पेटीची काच फुटली,
मनगटात शिरली.
जखम भरली, टाके निघाले.
अंगठा आणि शेजारची दोन बोटं
माझ्याच हाताला, पण परक्याची.

राजारामपुरीत, सातव्या गल्लीत,
डॉक्टर इंगवल्यांनी कागदावर दोन टोकं काढली,
मधे बोटभर मोकळी जागा.
"ही रक्ताची नस नव्हे, राजाक्का, निरोपाची."
मग एक नळी आखली, आत टिंबं टिंबं:
"या मूळपेशी. पुढं काय व्हायचं
ते यांचं अजून ठरलेलं नाही.
तुमच्याच पोटाच्या चरबीतून काढायच्या,
वाढणाऱ्या नसेच्या सोबतीला."

मला हसू आलं.
जन्मभर हातावर पोट.
आता पोटावर हात.

खात्री देत नाही म्हणाले,
अभ्यास चालू आहे, तुम्ही अकराव्या.
सही जमेना, म्हणून ठसा.
शाई गार होती की कोमट,
अंगठ्याला विचारून उपयोग नव्हता.

नस दिवसाला एक मिलिमीटर चालते.
घरी येऊन आजऱ्याच्या घनसाळाचे दाणे
मनगटापासून ओळीनं मांडले.
आठवड्याला दीड दाणा.
चौतीस दाण्यांवर बोटाचं टोक.
दसऱ्याची ऑर्डर तर गेलीच होती,
अखितीला बघू.

पंधरवड्याला एसटी.
तांबोळी सिस्टर टिचक्या मारत सरकायची,
मुंग्या उठतील तिथं पेनाची खूण.
रात्री हात पेटायचा.
जाऊ म्हणाली, बिघडलं.
म्हटलं, दुखतंय गं,
म्हणजे घरात कुणीतरी आलंय.

काल डोळे मिटायला लावून
सिस्टरनं अंगठ्याला टोक लावलं.
मी म्हटलं, मधलं बोट.
ती बोलली नाही, वहीत लिहिलं.
पत्ता चुकला, एवढंच ना?
टपाल तर सुरू झालंय.

आज उदगोंडानं पुढ्यात कड्यांची वाटी सरकवली,
माझ्याकडं न बघता.
एक उचलली. पडली.
फरशीवर तिचा आवाज झाला.
दुसरी उचलली.
बसली का, ते अजून
वाकून, डोळ्यांनीच बघावं लागतं.