धारेचा दगड

पावलोदारच्या पलीकडे, डिसेंबरात,
बर्फ गुडघाभर.
कुंपणाच्या अलीकडे तोलेगेनची घोडी,
पलीकडे लिडिया वाइमरचं डुक्कर.
दोघांचाही आजच मुहूर्त.

धारेचा दगड दोन घरांत एक.
तो कुंपणावरून जातो-येतो,
सुरी मात्र कधीच नाही.

"घोडं कसं रे खाववतं?"
लिडिया दरवर्षी विचारते.
"हिला नाव नव्हतं.
नाव होतं ती टेकडीवर आहे,
कवटी, वाऱ्याकडे तोंड करून."
तो डुकराकडे बघत नाही.
न विचारताच सांगतो, "वास येतो."

डुकराचं नाव फ्रिट्स.
हे लिडिया कुणाला सांगत नाही.

दुपारी दगड धुऊन परत आला.
बाल्झाननं तो पुन्हा
उकळत्या पाण्यात टाकला,
आणि कुंपणापाशी जाऊन
लिडियाला चहाला हाक मारली.