शून्याचं तिकीट

येळ्ळूरहून उद्यमबाग
कावळ्याला जवळ, बसला लांब.
बस आधी वडगाव घेते, मग शहापूर,
मग स्टँडवर ड्रायव्हर चहा घेतो.
तिथून दुसरी धरायची
आणि निम्मं गाव कापत उलटं मागं यायचं.
आठचा भोंगा. मी सहाला कडी लावते.

पण बायकांना तिकीट लागत नाही.
म्हणजे लागतं, पैसे लागत नाहीत.
निंगव्वा कंडक्टर आधारकार्डावरचा माझा फोटो बघते,
मला बघते, पटल्यासारखं करते,
मशीनमधून चिठोरं फाडते. “सोन्नी.
मुंद होगरी अक्का.”
मी पुढं सरकते.

या गावात जन्मले, तरी कन्नड पाटी
मी वळणावरून ओळखते.
वेटोळं आणि खाली शेपूट, ती आमची.
शेपूट नसेल तर थांबायचं,
नाहीतर खानापूर रस्त्याला लागायचं.
शून्य तेवढं वाचता येतं मला.
त्यांचं नि आपलं
एकाच साच्यात ओतलेलं.

कारखान्यात मी मापं घेते.
रिंग गेजमध्ये बसली तर ट्रेमध्ये,
नाही बसली तर भंगारात.
केसाच्या दहाव्या हिश्शाचा फरक मला कळतो,
पण रोज तीन तास कुठं जातात
ते कुठल्या गेजनं मोजायचं?

सुनंदानं स्कूटर घेतली. मोरपंखी.
ओढणीनं पुसते, सावली सरकेल तशी सरकवते.
हप्त्यासाठी ओव्हरटाइम करते,
आणि ओव्हरटाइमनं रात्र होते
म्हणून स्कूटर लागते.
“तूही घे की,” म्हणाली. “पाय मोकळे होतात.”
मी कागदाच्या मागं हिशेब मांडला.
पेट्रोल धरायच्या आधीच
महिना संपला.

राहिली बाबांची सायकल.
भरमा दूधवाल्याची, कॅम्पात ओळखीची.
मधल्या दांड्याला अजून किटलीचे ओरखडे आहेत.
शिवारातून अनगोळ, मग चौथं गेट,
पस्तीस मिनिटं.
पण साडी, आणि दांडा, आणि वय एक्केचाळीस,
आणि पारावरची माणसं,
ज्यांना सकाळी दुसरं काम नसतं.

मग एका गुरुवारी कुणीतरी कुठल्यातरी पाटीला
काळं फासलं.
कुठल्या भाषेतली, ते अजून नक्की कळलेलं नाही.
बस बंद.
खाडा म्हणजे दिवसाचे चारशे वीस.
मी लेकीचा सलवार-कमीज घातला,
साखळीला खोबरेल सोडलं, आणि निघाले.
पारावरून कुणीतरी खाकरलं.
बासमती पोटरीला आलेली,
वास इतका, की मी दोनदा उगाच उतरले.

चौथं गेट पडलेलं.
मालगाडी संपता संपेना.
मालकाची गाडी काचा वर करून,
मोरपंखी स्कूटर तिच्या आडोशाला,
सुनंदानं मला बघितलं
आणि बघितलं नाही असं केलं. तिच्या जागी मीही केलं असतं.

रुळांच्या कडेला खाकी कोट, हातात चपला:
निंगव्वा.
पहाटे डेपोत गेलेली, तिथून परत पाठवलेली,
आता मच्छेतल्या खोलीकडं चालत.
मशीन गळ्यात नव्हतं, त्यामुळं
एकदम लहान दिसली.

“उद्यमबागेपर्यंत येतीस?”
तिनं कॅरियर हातानं दाबून बघितला.
बसली.
सायकल एकदा डावीकडं, एकदा कर्नाटकात,
एकदा महाराष्ट्रात गेल्यासारखी झाली,
मग सरळ झाली.

“तिकीट एष्टु री?” मागून आलं.
“सोन्नी,” मी म्हणाले,
आणि तिचं हसणं माझ्या पाठीत धडकलं.

मग उगाच ती पाट्या वाचत सुटली.
वेल्डिंग. चहा. दातांचा डॉक्टर.
एक एक अक्षर, मोठ्यानं,
पोराला शिकवावं तसं.
मी पुन्हा पुन्हा म्हणत गेले, हँडल सोडता येत नव्हतं.

मागच्या चाकात हवा कमी होती.
ते मी तिला सांगितलं नाही.