आधी नख, मग पैसा, मग सुरी

डबा फिरतोय, आज बारावा दिवस.
चार इंची पाइप, दोन्ही तोंडांना टोपण,
शिलाई मशीनची मोटर,
सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेले दोन रूळ.
मोरीच्या दाराशी खरर्र खरर्र, रात्रंदिवस.
खालचे नाबर वर आले. म्हणाले, रात्रीचं काय दळता?
दगड, म्हटलं.
थट्टा समजून हसले,
आणि माझ्या बोटांकडे बघत जिना उतरले.

दगड मरोळचे.
मेट्रोच्या बोगद्यातला राडा खाली करायच्या आधी
शौकत पाच मिनिटं डंपर थांबवतो.
"मॅडम, काळा नको ना? काळी तर सगळी मुंबईच आहे."
काळ्यातली पोकळी हवी असते मला.
लाव्हा निवताना तिथे बुडबुडा अडकला होता,
मग तो भरत गेला, कुणाच्याही घाईशिवाय:
पांढरा, जर्दाळूच्या रंगाचा,
क्वचित लिंबाच्या सालीच्या आतल्यासारखा हिरवट.

घरी आणल्यावर चौकशी.
नखाने ओरखडा उठला तर दोन.
ढब्बू पैशाने उठला तर तीन.
सुरीने उठला तर पाचाच्या आसपास,
आणि सुरीचंच पोलाद रेघ होऊन दगडावर राहिलं
तर सात, त्याच्या वाटेला जायचं नाही.
लिंबू पिळलं की कॅल्साइट फसफसतो.
बाकीचे गप्प.
दाताचं एनॅमल पाच, हे मला आधीपासून पाठ.
दादरला लॅबमध्ये कवळ्या करते मी,
दिवसभर लोकांचं हसू प्युमिसने घासते.

तरी चुकले.
पहिल्या खेपेला सगळे एकाच डब्यात घातले,
अकीक, गारगोटी, स्टिल्बाइट, कॅल्साइट,
वर दोन चमचे ऐंशी नंबरची पूड, पाणी.
वाटलं, नांदतील.
सातव्या दिवशी टोपण काढलं तर
अकीक तेवढे जेवून उठल्यासारखे गोल,
आणि बाकी नुसती साय.
करडी, दाट, भज्यांचं पीठ कालवावं तशी.
कुणी कुणाला मारलं असं नव्हतं.
सगळे फक्त फिरत होते.

ती साय मोरीत ओतायची नसते, पाइपात तिचं सिमेंट होतं.
(ओतली होती. प्लंबरने साडेनऊशे घेतले.)

चहाच्या गाळणीत एक मागे राहिला,
कॅल्साइट, दुधाच्या दाताएवढा.
दाढ नाही, पुढचा. एका अंगाला जरा निमुळता.
सवयीने मी शेड लावून पाहिली.
ए-वन. लॅबमध्ये फारसा कुणाला लागत नाही हा रंग.

आता मऊ वेगळे, कठीण वेगळे.
मऊंना बारीक पूड, थोडे दिवस,
आणि मधे भुलेश्वरचे प्लास्टिकचे मणी,
म्हणजे एकमेकांवर आदळत नाहीत.
डबा दोन-तृतीयांश भरायचा,
फार रिकामा असला की बिचारे उंचावरून पडतात.
इतकं करून काहींवर झळाळी चढतच नाही.
ओले असताना काय दिसतात,
वाळले की पुन्हा आपले दगड.
आधी वाटीत पाणी घालून ठेवायचे मी त्यांना.
रोज पाणी बदला, डास होतात. सोडलं.

ओकेनाइट एकच मिळालाय. काळ्या वाटीत कापसाचं बोंड.
त्याला नखही लावलं नाही.
तो किती आहे, ते पुस्तकात असेल.

दुधाच्या दाताएवढा तो लॅबमधल्या डबीत आहे,
वर चिठ्ठी: मरोळ, तीन.
परवा खंबाटा सरांनी ट्रेमधून उचलली,
चष्मा कपाळावर सरकवला.
"हा कोणाचा? डिलिव्हरी कधीची?"
मरोळचे पेशंट आहेत, म्हटलं.
घाई नाहीये त्यांना.