शेवटची पंधरा मिनिटं

विट्यात मायणी रोडला जिथं आता मोबाइलची कव्हरं टांगलीत,
तिथं दस्तगीर शिकलगारांचं व्हिडिओ सेंटर होतं.
मी पोऱ्या.
कॅरिअरला ट्यूबनं आवळलेला टीव्ही,
हँडलला पिशवीत व्हीसीआर,
आणि शर्टाच्या आत, पोटाशी, तीन कॅसेटी.
रात्रीचं भाडं साठ. डिपॉझिट म्हणून घड्याळ नाहीतर रेशनकार्ड,
एकदा तर कुणी नव्या जावयाचे बूटच ठेवून गेलं.

दिवाळीला गलाईवाले गावी यायचे,
कोइमतूरहून, कटकहून,
आम्लानं भाजलेल्या बोटांनी नोटा मोजत,
आणि अख्ख्या आळीला अंगणात बसवून
उजाडेस्तोवर पिक्चर लावायचे.
शेजारी माग चालू, खटाखट खटाखट.
संवाद एक ऐकू यायचा नाही.
तरी सगळे एकदम हसायचे,
एकदम पदर डोळ्याला लावायचे.

मध्येच लाइट गेली तर त्या रात्रीचं भाडं नाही.
शिकलगार म्हणायचे,
बघितलंच नाही त्याचं पैसं कसलं?

ते आधी माणूस बघायचे, मग कपाटाकडे हात न्यायचे.
चोथेवहिनींचा थोरला विहिरीत गेला, त्या सालापासून
त्यांच्या कॅसेटीवर पेन्सिलीनं बारीक अक्षरात असायचं,
‘वहिनी, शेवटची पंधरा मिनिटं बघू नका.
सगळे सुखरूप घरी येतात.’

येत नव्हते.
मी बघितलेला होता तो पिक्चर. दोघं मरतात.

कॅसेट गुंडाळून न देणाऱ्याला दोन रुपये दंड होता.
वहिनींना नव्हता.
त्यांची कॅसेट अचूक तिथंच थांबलेली यायची,
आणि ती मागं फिरवताना
मला वाटायचं,
या गावातली एक गोष्ट फक्त आम्हा दोघांना माहीत आहे,
शिकलगारांना आणि मला.

मग सीड्या आल्या, आम्ही पाटी रंगवून घेतली.
मग फोनमध्येच सगळं आलं.
शिकलगार म्हणाले, गिऱ्हाईक कुठं जातंय?
खरंच, कुठं गेलं नाही.
घरीच बसलं.

शेवटच्या महिन्यात वहीत एकच नाव,
त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं, स्वतःचंच.
पुढं भाडं जमा.
परत केल्याची सही मात्र नाही.

आता मी फायबरची वायर ओढतो.
तीच आळी, तेच जिने,
पिशवीत राउटर.
परवा चोथ्यांच्या घरी जोडणी होती.
वहिनी थकल्यात, ऐकू कमी येतं, पण मला ओळखलं,
म्हणाल्या, शिकलगारांचा ना तू? कॅसेटीवाला?

नातीनं पिक्चर लावून दिला होता.
शेवट आला तशी पाट्या आक्रसून कोपऱ्यात गेल्या
आणि पाच, चार, तीन मोजत
दुसराच पिक्चर अंगावर आला.
वहिनी म्हणाल्या, ह्याला कुणी सांगत नाही का रे
कुठं थांबायचं ते?

मी चिठ्ठीचं काढलं. पेन्सिलीच्या.
तशा त्या हसल्या, तोंडावर हात ठेवून.
अरे, बघितलंय की मी सगळं. प्रत्येक वेळी.
शेवटपर्यंत बघायचे,
मग बटण दाबून परत मागं आणून ठेवायचे,
त्यांनी लिहिलं होतं तिथपर्यंत.
मुद्दाम एवढं बारीक लिहिणारा माणूस,
त्याला कशाला वाईट वाटून द्यायचं?

खाली गल्लीत एकच माग उरलाय, तो चालू होता.
मी वायर भिंतीला ठोकत राहिलो,
दोन खिळे जास्तच.

तेवढ्यात टीव्ही थांबला
आणि त्यानं विचारलं, अजून बघताय का?
मी वहिनींकडे बघितलं.
हो म्हण त्याला, त्या म्हणाल्या,
आणि ते बिलाचं काय ते सांग,
पन्नास कमी कर.