पाण्यापासून चाळीस पावलं

उर्वीनं पुण्याहून फोटो पाठवलेत, बावीस.
पांढरे तंबू, तंबूत पलंग,
पलंगावर टॉवेलाचे दोन हंस, चोचीला चोच लावून.
खाली लिहिलंय : पाण्यापासून फक्त चाळीस पावलं.

कुणाची, ते लिहिलेलं नाही.
यांची असतील तर गुडघ्याच्या ऑपरेशनआधीची की नंतरची?

जेवणाच्या टेबलावर विजेचं बिल उलटं ठेवून
हे यादी करतात, मी खोडते.
वढवाणा तलाव, लिहितात. थंडीत. पट्टकादंब.
दुर्बीण दिवाळीतच आणून ठेवलीय,
तिच्यातून आजवर फक्त
दक्षाबेनच्या पापडांवर बसलेली कबुतरं दिसलीत.

टॉर्च. सेल वेगळे.
ओडोमॉस.
थेपले, कारण थेपले आठवडाभर टिकतात
आणि यांचा उत्साह जेमतेम सावलीच्या फाट्यापर्यंत.

तलाव बरा, म्हणतात, तलाव बसलेला असतो.
मी म्हणते मही.
का, ते सांगत नाही.
महीला कोतरं आहेत, उंच, मातीची;
माणसाला वर चढून बसता येतं.

तंबूवाल्या मुलाला फोन केला.
"एकदम वॉटरफ्रंट, आंटी! पडदा उघडला की पाणी!"
"आणि पडदा बंद असताना?"
तो हसला. त्याला वाटलं, आंटी गमतीदार आहेत.

कारेलीबागेत, तळमजल्यावर, एकोणतीस वर्षं राहिलेली बाई
हा प्रश्न गमतीनं विचारत नाही.

आमच्याकडे नदी आली होती.
विश्वामित्री, न कळवता, रात्री अडीचला,
आधी चपलांच्या स्टँडपर्यंत,
मग फ्रिजच्या दुसऱ्या कप्प्यात, जिथे श्रीखंड होतं.
चार बिऱ्हाडं गच्चीवर, एक निळी ताडपत्री,
एक शेगडी, दक्षाबेनचा खाखऱ्यांचा डबा,
आणि सकाळी खाली पार्किंगमध्ये मगर,
मेहतांच्या अॅक्टिव्हाशेजारी, अगदी रेषेत,
जणू मेंटेनन्स तीच भरते.
उर्वी रडायची थांबली आणि तिनं तिचं नाव ठेवलं : चेअरमन.

तीन रात्री.
वीज नव्हती, त्यामुळे आकाश होतं.
पॉलिटेक्निकात जन्मभर सर्व्हेइंग शिकवलेला माणूस
पहिल्यांदाच वर बोट दाखवून बोलत राहिला,
हा व्याध, ही कृत्तिका,
चुकीची असतील, मला काय कळतंय,
पण मी ओल्या गादीवर, शेजारच्या पोराचे पाय पोटावर घेऊन
इतकी गाढ झोपले
की ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.
घर बुडालेलं असताना कुणी असं झोपतं का?

असो. यादी.
मीठ-तिखटाच्या पुड्या. यांच्या बीपीच्या गोळ्या.
सेव-उसळीचा मसाला, कारण तिथे मिळेल ती उसळ नसेल.
ती "बॉनफायर विथ म्युझिक" नको, आगाऊ सांगणे.

काल हे पासबुक भरून आणतो म्हणून निघाले,
आले साडेतीनला.
बँक दीडलाच जेवायला उठते.
सँडल दाराशी झटकल्या तर वाळू,
पांढरट, जाड, महीची.
मी काही विचारलं नाही, ताक दिलं.

आज बिलाच्या कोपऱ्यात, त्यांच्या नकाशावरच्या बारीक अक्षरात :
तंबू क्र. ७. टेकाडावर.
नदीपात्रापासून उंची अकरा मीटर (अंदाजे).
पाण्यापासून एकशे सव्वीस पावलं.
आणि कंसात : नंतरची.

वढवाणा त्यांनी स्वतःच खोडलंय.
पट्टकादंब मात्र तसेच ठेवलेत, खोडलेल्या ओळीच्या पुढे,
पाण्याशिवाय.
मी पेन घेतलं. खाली लिहिलं :

ताडपत्री. तीच. निळी.
माळ्यावर आहे, धुवायची राहिलीय.