टाकाऊची वही

रात्री दहाला पेट्रोल पंपावरच्या दुकानात
काचेच्या कपाटातला पिवळा दिवा विझतो.
मग उरलेले पॅटिस मोजायचे,
वहीत आकडा लिहायचा,
काळ्या पिशवीत घालून वरून फिनेल ओतायचं,
कुणी कचऱ्यातून काढून खाऊ नये म्हणून.
नियम कंपनीचा. सही माझी,
ॲव्हरिल यांकीस, पोर्ट एलिझाबेथ,
चौदा वर्षं, एकही लाल शेरा नाही.

झिंतले जानेवारीत लागली.
दिवसा इंजिनिअरिंग, रात्री गल्ला.
गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली पुस्तक:
तुळईवर किती भार टाकला की ती किती वाकते.
मला विचारते. मी म्हणते,
बाई, वजन म्हटलं की मला माझंच आठवतं.
हसते. दात दिसतात,
आणि हल्ली गालांची हाडंही.

"जेवलीस?"
"हो, होस्टेलवर."
आणि कपभर गरम पाण्यात
साखरेच्या चार पुड्या, फुकटच्या,
पेज ढवळावी तशी ढवळत बसते.

फेब्रुवारीची शिष्यवृत्ती एप्रिलात आली,
त्यातली निम्मी गेली लुसिकिसिकीला, धाकट्याच्या बुटांसाठी.
हे तिनं नाही सांगितलं.
सांगितलं टायरात हवा भरणाऱ्या म्झूनं.
तोही त्याच होस्टेलवर राहतो,
तोही तिथंच "जेवतो".

परीक्षेच्या आठवड्यात
सुटे देताना तिच्या हातातून नाणी सांडली.
वेचायला खाली बसली ती
बराच वेळ वर आली नाही.
"बुटाची नाडी," म्हणाली.
तिच्या बुटांना नाडी नाही.

त्या रात्री कपाटात अकरा होते.
तिनं लिहिलं: नऊ.
मी आधीच मोजले होते, दोनदा.
तिनं नजर चुकवली नाही.
ओठाला मात्र एक पापुद्रा चिकटलेला,
माशीच्या पंखाएवढा.

मी सही केली.
मोठ्या मनाची वगैरे नाही मी.
दोन वर्षांनी पेन्शन आहे, आणि छताला कॅमेरा.
घरी जाऊन डोळ्याला डोळा लागला नाही,
त्या दोन पॅटिसांमुळे
की त्या चौदा वर्षांमुळे, ठाऊक नाही.

दुसऱ्या रात्री दहाला
मी कॅमेऱ्याच्या आणि कपाटाच्या मधे जाऊन उभी राहिले.
रुंद बाई आहे मी. आडोसा होतो.
पाठीमागे कागद कुरकुरला.
मी रस्त्याकडे बघत राहिले, जिथं काहीच नव्हतं,
समुद्राकडचा वारा फक्त
एक रिकामी पिशवी लोळवत होता.

मग वळले
आणि उरलेल्यांवर फिनेल ओतलं.
सात होते.